डिझेलनं धुतलेलं इंजिन

लालासाहेबांचा दिवस पहाटे तीनला सुरू होई. कारखान्यातून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी त्यात फरक पडला नव्हता. साखर कारखान्याची पहिली पाळी चारला लागते, आणि पाळी लागण्याआधी ऑइलमननं मिलमधल्या प्रत्येक बेअरिंगवर एकदा हात ठेवून बघायचं, असा त्यांचा नियम होता. हा नियम कुणी घालून दिलेला नव्हता. त्यामुळं तो मोडायला कुणाची परवानगीही मागता येत नव्हती.

आता मिल नव्हती, बेअरिंग नव्हतं, हातात तेलाचा कॅन नव्हता. तरी ते तीनला उठत, तांब्याभर पाणी पीत आणि अंगणात येऊन शेवग्याखाली उभ्या असलेल्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवत. गाडी रात्रभर उभी, ती थंडच असायची. पण हात ठेवल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. मग उजाडेपर्यंत चिडचिड करायला कुणी जागं नाही, याची चिडचिड करत ते ओट्यावर बसून राहत.

ऑइलमन म्हणजे कारखान्यातला शेवटून दुसरा माणूस. ऊस पिळणारे ते अजस्र रोलर फिरतात ते बेअरिंगवर, आणि बेअरिंग टिकतं ते तेलावर. तेल द्यायला ऑइलमन विसरला, की बेअरिंग तापतं, मिल बंद पडते आणि उसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत जाते. लालासाहेबांच्या पाळीत अशी रांग लागली नाही. त्याबद्दल त्यांना कुणी शाबासकी दिली नाही, आणि दिली असती तर त्यांना ती आवडलीही नसती. काम झालं किंवा झालं नाही, एवढंच ते मानत. "होत आलंय" असं कुणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं.

कारखान्यातून सुटताना जे पैसे हातात आले, त्यांतून त्यांनी ही सेकंड हँड गाडी घेतली. हौस म्हणून नव्हे. मनुबाईचे गुडघे गेले होते आणि एसटीची पहिली पायरी तिला चढवत नव्हती. कराडजवळच्या मलकापूरहून पाटणला, आणि पाटणच्या वरच्या अंगाला डोंगरात तिच्या थोरल्या बहिणीकडं, आक्काकडं, दर सोमवारी जायचं हा मनुबाईचा नेम. आक्का एकटी, मूलबाळ नाही, नवरा जाऊन कैक वर्षं झालेली. तिला नीट दिसत नव्हतं आणि फोनवर तर काहीच ऐकू येत नव्हतं. मनुबाई जायची, तिला न्हाऊ घालायची, डोक्याला तेल लावायची, आठवड्याचं धान्य निवडायची आणि संध्याकाळी परत यायची. आक्का सोमवारी सकाळपासून उंबऱ्यात बसायची. तो उंबरा आणि ती पायरी यांच्यामध्ये ही पांढरी गाडी होती.

आणि त्या गाडीला आता पंधरा वर्षं पुरी झाली होती. पंधरा वर्षं झाली की पुन्हा पासिंग करावं लागतं. गाडी कराडच्या आरटीओत न्यायची, निरीक्षक बघणार, पास केली तर पुढं चालवायची, नाही तर भंगारात.

लालासाहेबांना काळजी होती ती इंजिनाच्या आवाजाची. गाडी थंड असताना सुरू केली की वरच्या बाजूनं टिकटिक यायची. शिलाई मशीन चालावं तशी. उभ्या गाडीत स्टिअरिंगला बारीक थरथर असायची आणि डॅशबोर्डवर चिकटवलेला गणपती नाही नाही म्हणत असल्यासारखी मान हलवत राहायचा. गाडी दहा-पंधरा मिनिटं चालली की दोन्ही थांबायचं. पण निरीक्षक दहा-पंधरा मिनिटं थांबेल का? आपण त्याच्या जागी असतो तर ही गाडी पास केली नसती, हे लालासाहेबांना पक्कं ठाऊक होतं, आणि त्याचाच त्यांना राग येत होता.

दिवाळीला जावई आला. लेकीचा, रेश्माचा नवरा वीरधवल फौजेत होता. सुटीवर येताना बाकीच्यांचे जावई सासऱ्याला रमची बाटली आणतात. यानं प्लास्टिकचा चकचकीत कॅन आणून पुढ्यात ठेवला.

"मामा, तुमच्यासाठी. फुल सिंथेटिक."

"काय हाय ह्ये?"

"इंजिन ऑइल. रेश्मा म्हणाली, पासिंग हाय आन गाडी टिकटिक करती. तुमी घालताय त्ये तेल जाड. त्ये वर चढायला वेळ लागतोय. ह्ये पातळ हाय. चावी फिरवली की टकुऱ्यापर्यंत पोचतंय."

लालासाहेबांनी झाकण उघडलं, थेंबभर तेल अंगठ्यावर घेतलं आणि तर्जनीनं चोळलं. बोटाला धरवेना, इतकं पातळ. आयुष्यभर ज्या तेलानं त्यांनी रोलर फिरवले ते कॅनमधून पडताना दोरीसारखं लोंबायचं. त्यांनी वास घेतला. वासावरूनही काही कळलं नाही.

"ह्ये तेल हाय का पाणी, जावईबापू?"

"नव्या गाड्यांत समदे ह्येच घालत्यात, मामा."

"गाडी नवी न्हाई."

"म्हणून तर. तिला नवं वाटू दे की जरा."

एरवी लालासाहेबांनी तो कॅन कपाटावर ठेवून दिला असता. पण पासिंगची तारीख जवळ आली होती आणि टिकटिक काही कमी होत नव्हती. त्यांनी होकार दिला, पण आपली एक अट घालून. जावयाच्या सांगण्यावरून तेल बदलायचं तर निदान कामाची पद्धत तरी आपली असावी.

"वतायचं तर वतू. पन त्याआधी आतनं धुवायचं."

"काय धुवायचं?"

"इंजिन. डिझेलनं."

मिल बंद असते त्या दिवसांत कारखान्यात ओव्हरहॉलिंग चालतं. बेअरिंगची टोपणं काढायची, जुनं तेल खरवडून टाकायचं, डिझेल ओतायचं, घासायचं, परत ओतायचं, सुती चिंध्यांनी पुसायचं. पुसलेलं फडकं पांढरं निघालं की मगच नवं तेल. फडकं पांढरं निघेपर्यंत जेवायला न जाणारा माणूस कारखान्यात एकच होता. या उन्हाळ्यातसुद्धा सांगलीकडच्या एका कारखान्याच्या ठेकेदारानं त्यांना रोजंदारीवर बोलावून नेलं होतं, ते याच कामासाठी. पावसाळा लागेपर्यंत, सोमवारची तेवढी सुटी घेऊन, तिथं शेडमध्ये झोपून, कंबर धरून, त्यांनी मिल धुतली होती. ती मजुरी त्यांनी वेगळी ठेवली होती. शेवग्याच्या शेंगा आणि कावळ्यांची घाण गाडीवर पडायची, म्हणून गाडीला पत्र्याचं शेड घालायचं होतं.

"इंजिनाला असं करत्यात का, मामा?" वीरधवलनं विचारलं.

"लोखंडच हाय न्हवं त्ये?"

"हाय की."

"मग."

वीरधवलनं पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला आणि सासऱ्याच्या हाताखाली उभा राहिला.

पोतं अंथरलं. जुनं तेल थोडं सोडलं, वरून डिझेल ओतलं, इंजिन जागच्या जागी सुरू ठेवलं, बंद केलं, खालचा बोल्ट काढला. घमेल्यात जे पडलं ते काळंकुट्ट होतं. लालासाहेबांचा चेहरा खुलला. इतकी घाण निघाली म्हणजे काम बरोबर चाललंय. त्यांनी पुन्हा डिझेल ओतलं, पुन्हा सोडलं. जेवायची वेळ टळून गेली. मनुबाई दोनदा दारात येऊन उभी राहिली.

"त्या पोराला तरी जेवू द्या. सुटीवर आलंय, तुमच्या पाळीवर न्हाई."

"होत आलंय," वीरधवल म्हणाला, आणि सासऱ्यानं त्याच्याकडं असं बघितलं की तो डिझेलचा डबा उचलायला वळला.

डिझेल गढूळ पिवळं निघू लागलं तेव्हा लालासाहेब थांबले. मग मोजून नवं तेल ओतलं. हात धुतले. आत बसून चावी फिरवली.

टिकटिक नव्हती. थरथर नव्हती. गणपती शांत बसला होता. लालासाहेबांनी एक कान काचेबाहेर काढला, मग दुसरा. मनुबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि म्हणाली,

"सुरू हाय का बंद?"

एवढं कौतुक लालासाहेबांच्या कामाचं आजवर कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी गाडी उगाच चार वेळा सुरू केली आणि रस्त्यानं जाणाऱ्या दोघांना हाका मारून तिचा आवाज ऐकवला. ऐकू काहीच येत नव्हतं, आणि ऐकवायचं तेच होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे तीनला त्यांनी नेहमीसारखा बॉनेटवर हात ठेवला, आणि हातातल्या बॅटरीचा झोत खाली गेला तेव्हा शहाबादी फरशीवर एक काळा थेंब दिसला. त्यांनी तो पुसला. त्याच्या पुढच्या पहाटे तो बशीएवढा झाला होता. त्यांनी खाली वर्तमानपत्र घातलं. मनुबाईनं सडा घालताना ते बघितलं.

"गाडी गळतीय."

"गळत न्हाई. जास्तीचं असंल त्ये टाकतीय भाईर."

"तुमी तर मोजून वतलं हुतं."

लालासाहेबांनी वर्तमानपत्राची घडी जाड केली.

सोमवारी दोघं आक्काकडं निघाली. डब्यात करंज्या आणि चकल्या होत्या, आक्काला दात नव्हते म्हणून बेसनाचे लाडू वेगळे. पाटणपर्यंत गाडी अशी गेली की लालासाहेब स्वतःशी गुणगुणत होते, आणि ते गुणगुणतात हे मनुबाईला लग्नानंतर पहिल्यांदा कळलं. पाटणच्या अलीकडं एका वळणावर त्यांनी ब्रेक दाबला, तसा मागचा एक मोटारसायकलवाला पुढं येऊन काहीतरी ओरडला आणि हातानं गाडीच्या मागच्या बाजूला खुणा करू लागला.

"काय म्हणतोय त्यो?" मनुबाईनं विचारलं.

"इंजिन ऐकू येत न्हाई म्हणून घाबरला असंल."

पाटण सोडून गाडी चढाला लागली. गिअर खाली आला, इंजिन तापलं, आणि दुसऱ्या वळणाला डॅशबोर्डवर तेलाच्या किटलीचं लाल चित्र लुकलुकलं. गेलं. पुन्हा आलं. आणि मग वरून टिकटिक नव्हे तर खडखडाट सुरू झाला, डब्यात खडे घालून हलवावे तसा. गणपती गदगदा हलू लागला.

लालासाहेबांनी तिथल्या तिथं चावी फिरवून इंजिन बंद केलं. तेलाशिवाय फिरणारं लोखंड एक क्षणही फिरू द्यायचं नाही, हे त्यांच्या हातालाच माहीत होतं. गाडी मोरीजवळ थांबली. त्यांनी उतरून तेल मोजायची दांडी काढली, पुसली, परत घातली, परत काढली. तेल होतं. थोडं कमी, पण होतं.

"तेल हाय," ते म्हणाले.

"मग दिवा का लागलाय?"

"तेच म्हणतोय, तेल हाय."

"दिव्याला सांगा."

मनुबाई मोरीच्या कठड्यावर बसली. वर, दोन वळणांपलीकडं, आक्काच्या गावची कौलं दिसत होती. धडधाकट माणूस अर्ध्या तासात चढून गेला असता. वडापची एक जीप आली, माणसांनी खच्चून भरलेली. थांबली. मनुबाईनं तिच्या मागच्या पायरीकडं बघितलं, गुडघ्यावर हात ठेवला आणि मान हलवली. शेवटी दुधाचा टेम्पो आला. त्याच्या ओळखीच्या ड्रायव्हरकडं तिनं डबा दिला.

"आक्काला म्हणावं, गाडी बिघडली. मोठ्यानं सांग, कानात सांग. न्हाई तर ती तिन्हीसांजंपतूर बसंल उंबऱ्यात."

"सांगतो, मावशी."

"आन लाडू तू खाऊ नगंस."

टेम्पो वर गेला. लालासाहेब बॉनेट उघडून उभे होते. मनुबाई त्यांना काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं, त्यांना उलट बोलता आलं असतं.

खाली उतरणाऱ्या एका पिकअपला दोर बांधून गाडी संध्याकाळी मलकापूरला बिरदेवच्या गॅरेजात आली. बिरदेव आटपाडीकडचा. घरची मेंढरं भावाकडं सोपवून तो ऐन पोरवयात हायवेला आला आणि गाड्यांच्या खाली शिरला तो तिथंच राहिला. लालासाहेबांच्या गाडीचं तेल इतकी वर्षं तोच बदलत होता.

त्यानं दांडी काढली आणि बोटावर तेल घेतलं.

"ह्ये माझं तेल न्हाई."

"जावयानं आणलंय. फुल सिंथेटिक."

"बरं." बिरदेवनं बोट हुंगलं. "आन डिझेलचा वास कुठनं येतोय?"

लालासाहेबांनी सांगितलं. सगळं सांगितलं. पोतं, घमेलं, कितीदा ओतलं, शेवटी कसं पिवळं निघालं. सांगताना त्यांचा आवाज जरा चढला, कारण काम चोख झालं होतं आणि ते नीट सांगायला हवं होतं. निरोप कळून आलेला वीरधवल मागं उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. बिरदेव शेवटपर्यंत ऐकत राहिला, मग स्टुलावर बसला.

"लालासाब, तुमाला कुणी सांगितलं धुवायला?"

"सांगायचं काय त्यात. आमी मिल वर्साला धुवायचो."

"मिलचं टोपण काढता तुमी. आत हात घालता. घासता, पुसता, घाण भाईर काढता. व्हय का न्हाई?"

"व्हय."

"ह्याच्यात हात घातला का?"

"ह्याच्यात कसा घालणार?"

"मग घाण सुटली ती गेली कुठं?"

लालासाहेबांनी वाकून गाडीच्या पोटाकडं बघितलं.

"पंधरा वर्सं एक तेल पीत आली ती," बिरदेव म्हणाला. "घाण जिथं हुती तिथं बसली हुती, गपगुमान. तुमी डिझेल वतून तिला उठवली. त्यावर ह्ये पातळ तेल, ह्येचा धर्मच हाय घाण सोडवायचा. समदी सुटून खाली आली आन जाळीत अडकली. तेल हाय, पन वर जायला वाट न्हाई. आन मागच्या रबरी सिलावर मळाचा थर हुता, त्यो गेला, म्हणून गळतीय."

"म्हणजे तेल वाईट," लालासाहेब म्हणाले आणि जावयाकडं बघितलं.

"तेल एक नंबर हाय. नव्या गाडीत वता, लोण्यासारखी चालंल. तेल वाईट न्हाई. तुमी दोघं वाईट."

वीरधवल हळूच म्हणाला, "मी इचारलं हुतं, मामा. इंजिनाला असं करत्यात का म्हणून."

"एकदाच इचारलं हुतं," लालासाहेब म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिरदेवनं इंजिनाचं खालचं चेंबर उतरवलं. लालासाहेब सातच्या आधीच येऊन बसले होते. चेंबरच्या तळाशी काळा, चिकट, जाड गाळ साचला होता. साखर करून झाल्यावर कारखान्यात जी मळी उरते, हुबेहूब तशी. तेल वर ओढणाऱ्या नळीच्या तोंडाशी सुपारीएवढ्या भोकांची नव्हे, तर चहाच्या गाळणीसारखी बारीक जाळी असते. ती जाळी दिसतच नव्हती. तिच्या जागी एक काळी वडी होती.

लालासाहेबांनी हात पुढं केला.

"दे हिकडं."

"आवं, पोरगा धुईल की. न्हाई तर नवी टाकू."

"दे म्हणतो न्हवं."

त्यांनी ती जाळी मांडीवर फडकं घेऊन धुतली. रॉकेल मागितलं, जुना दातांचा ब्रश मागितला, नंतर बायकांची शिवायची सुई मागितली. एकेक घर मोकळं केलं. उजेडाकडं धरून बघितलं, परत खाली घेतली. वीरधवल मदतीला बसला तर त्याला चेंबर खरवडायला दिलं, आणि दोनदा त्याच्या हातून घेऊन स्वतः खरवडलं. दुपार झाली. बिरदेव जेवून आला.

"पांढरं निघालं का फडकं?" त्यानं विचारलं.

"निघंल."

"निघंल म्हणजे होत आलंय म्हणा की."

लालासाहेबांनी सुई पुढच्या घरात घातली.

मागचं सील बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागला. सील मिळून ते बसेपर्यंत आणखी आठ दिवस गेले. मग तेलाचा प्रश्न आला. वीरधवलची सुटी संपायला आली होती आणि त्याला हे कोडं सुटल्याशिवाय परत जायचं नव्हतं. आता सगळं धुऊन स्वच्छ झालंय तर पातळ तेलच घालू, गाडी गुळगुळीत चालेल, असं त्याचं म्हणणं. बिरदेवनं त्याच्याकडं न बघता जाड तेलाचा डबा उचलला.

"चेंबर धुतलं. वरचं डोकं कुठं धुतलंय? तिथं बसलीय की अजून. आन पंधरा वर्सांत आतलं लोखंड झिजलंय, फट वाढलीय. जाड तेल त्या फटीत उभं राहतंय, पातळ निसटून जातंय. गरम झाल्यावर तर पाण्यागत. हिला हिचंच तेल द्या. पयल्या खेपंला लवकर बदला, घाण बेतानं निघंल. घाई करू नका तिला."

जाड तेल ओतताना कॅनच्या तोंडापासून इंजिनापर्यंत त्याची दोरी लोंबली. लालासाहेबांना ती बघून जरा बरं वाटलं. बिरदेवनं चावी फिरवली. लाल किटली लागली, विझली, विझलेलीच राहिली. आणि वरून टिकटिक सुरू झाली. गणपतीनं मान हलवायला सुरुवात केली.

"टिकटिक हायच की," लालासाहेब म्हणाले.

"असणारच."

"एवढं करून?"

"एवढं करून तुमी ती परत आणलीय, लालासाब. घालवलीय कुठं. तुमचं गुडघं वाजत न्हाईत का?"

"माझं न्हाई. हिचं वाजत्यात."

"मग मावशींना भंगारात घालता का?"

लालासाहेबांनी उत्तर दिलं नाही, कारण मनुबाई तिथंच स्टुलावर बसली होती आणि उत्तराची वाट बघत होती. मधला सोमवार हुकला होता. टेम्पोवाल्यानं निरोप कानात सांगितला होता, तरी आक्का त्या दिवशी आणि नंतरच्या सोमवारीही तिन्हीसांजेपर्यंत उंबऱ्यात बसली होती, असं त्यानं येऊन सांगितलं होतं.

पासिंगच्या दिवशी ते कराडच्या आरटीओच्या मैदानावर पोचले तेव्हा पुढं बऱ्याच गाड्या होत्या. लालासाहेबांनी युक्ती केली होती. घरातून लवकर निघून त्यांनी उगाच हायवेला फेरी मारली, म्हणजे इंजिन गरम होईल. पण रांगेत ते परत गार पडू लागलं. ते मधूनच सुरू करत, कान देत, बंद करत. मागच्या सीटवर मनुबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिला यायचं कारण नव्हतं. गाडीचा निकाल तिला स्वतःच्या कानांनी ऐकायचा होता, एवढंच.

निरीक्षक तरुण होता. त्यानं चासिस नंबर ताडून बघितला, नंबरप्लेट बघितली, टायर बघितले. "सुरू करा" म्हणाला. लालासाहेबांनी चावी फिरवली. टिक टिक टिक. गणपती हलू लागला. लालासाहेबांनी डोळे पुढं, काचेच्या पलीकडं लावून ठेवले. मिल धुण्याचा उन्हाळा, जाळीतली वडी, उंबऱ्यातली आक्का, सगळं त्या टिकटिकीत होतं.

निरीक्षकानं इंजिनाकडं बघितलंही नाही. धुराची नळी लावली, आकडा बघितला, ठीक म्हणाला. हॉर्न वाजवायला सांगितला. वायपर. डावा इंडिकेटर, उजवा. मग तो मागं गेला.

"ब्रेक दाबा."

लालासाहेबांनी दाबला.

"दाबा की, काका."

"दाबलाय."

"मागचा डावा दिवा लागत नाही. बल्ब गेलाय. असं पास करता येत नाही. बदलून आणा, दुपारी परत बघतो."

लालासाहेब गाडीतून उतरले आणि मागं जाऊन उभे राहिले. चेंबर, जाळी, सील, तेल, सगळं त्यांनी बघितलं होतं. पण ब्रेक पायानं दाबायचा आणि दिवा मागं जाऊन बघायचा, हे एका माणसाचं काम नव्हतं. पहाटे तीनला तर नव्हतंच.

"इंजिनाचा आवाज..." त्यांनी निरीक्षकाला विचारलं.

"काय आवाज?"

"येतोय न्हवं."

"जुन्या गाडीला येतोच, काका. पुढची गाडी घ्या."

मनुबाईनं काच खाली केली.

"मोटारसायकलवाला तेच सांगत हुता," ती म्हणाली. "मागं बोट दाखवून."

"आता सांगतीस?"

"तवा तुमी गात हुता."

आरटीओच्या भिंतीला लागून एक टपरी होती, तिथं बल्ब मिळाला. टपरीवाल्यानंच तो बसवला आणि मनुबाईनं मागं उभं राहून, कमरेवर हात ठेवून, लागला म्हणून सांगितलं. लालासाहेबांनी तिला परत एकदा बघायला लावलं. दुपारी निरीक्षकानं ब्रेक दाबायला सांगितला, मागून बघितलं आणि पुढच्या पाच वर्षांसाठी गाडी पास केली. ते सगळं चहा थंड व्हायच्या आत झालं.

परतीच्या वाटेवर मलकापूरच्या पुलाखाली सिग्नलला गाडी थांबली. मनुबाईनं मागच्या सीटवरून हात पुढं केला आणि हलणाऱ्या गणपतीवर बोट ठेवून बघितलं. बोट काढलं, तसा तो परत हलू लागला.

"मंग शेडचं काय?" तिनं विचारलं.

"कसलं शेड?"

"उन्हाळाभर सांगलीकडं राबला त्ये."

"न्हाई व्हायचं औंदा."

"मंग कशात गेली मजुरी?"

लालासाहेबांनी गिअर टाकला.

"गिअरबॉक्स उतरवून बसवायला. सिलात. जाड तेलात. आन परवा बदलायचंय त्या तेलात. एका बल्बात. आन ह्या पाच वर्सांच्या कागदात."

मनुबाईनं पिशवीतून पासिंगचा कागद काढला, लिहिलेलं वाचता येत नव्हतं तरी तो बराच वेळ बघितला आणि घडी मोडू न देता परत ठेवला.

"सोमवारी कवा निघायचं?"

"नवाला. जरा गरम होऊ द्यावी लागती."